कवेलूंची डिस्क

घरचा संगणक : साप्ताहिक सदर

मृग लागायच्या आधी आमच्या जुन्या घरचे कवेलू फेरायला माणूस यायचा. मधला एक कवेलू फुटला असला तरी नुसता तेवढाच बदलता येत नसे. त्याच्यावर चढलेला वरचा काढायचा, त्याच्यावरचा त्याआधी काढायचा. नवा बसला की सगळी ओळ पुन्हा लावायची. एका कवेलूपायी अर्धा दिवस जाई. आज दुकानात मिळणाऱ्या स्वस्त हार्ड डिस्कपैकी बऱ्याच डिस्क अगदी अशाच पद्धतीने लिहितात, आणि पुसदमध्ये डिस्क घ्यायला निघालेल्या बहुतेकांना ते कुणी सांगत नाही.

या पद्धतीचं नाव एसएमआर. डिस्कच्या तबकडीवर माहिती गोल रेघांमध्ये लिहिली जाते. लिहिणारं टोक रुंद असतं, वाचणारं बारीक. म्हणून कंपन्यांनी नवी रेघ आधीच्या रेघेवर थोडी चढवून लिहायला सुरुवात केली. उघडा राहिलेला काठ वाचायला पुरतो आणि त्याच तबकडीवर वीस-पंचवीस टक्के जास्त माहिती मावते. पण मधली एक रेघ बदलायची झाली की शेजारच्या रेघा पुसल्या जातात, त्यामुळे तो गटच्या गट वाचून पुन्हा लिहावा लागतो. जुन्या सीएमआर पद्धतीत रेघा सुट्या असतात, हा खटाटोप नसतो. एसएमआर डिस्क आलेली माहिती आधी एका राखीव जागेत टाकते आणि काम नसताना आत आवराआवर करत बसते. ही राखीव जागा भरली की वेग कोसळतो.

हे मला अनुभवाने कळलं. होळीच्या दिवसांत बंजारा तांड्यांवर जाऊन टिपलेल्या लेंगीगीतांची माझ्याकडे दहा वर्षांची रेकॉर्डिंग आहेत, शिवाय घरचे हजारो फोटो. जुनी 2 टीबीची डिस्क भरली म्हणून 4 टीबीची घेतली. पहिल्यांदा सगळं एका रात्रीत उतरलं. दोन महिन्यांनी जुने फोल्डर पुसून नीट लावलेले नवे टाकायला बसलो, तर सेकंदाला शंभर एमबीच्या वर चाललेला वेग काही मिनिटांत दहाच्या खाली आला. केबल बदलली, व्हायरस शोधला, विंडोज नव्याने टाकलं. शेवटी डिस्कवरचा मॉडेल नंबर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधला तेव्हा उलगडा झाला : एसएमआर. डिस्क बिघडलेली नव्हती. माझी तक्रार एवढीच की खोक्यावर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं आणि दुकानदारालाही ते ठाऊक नव्हतं.

जगभर हाच प्रश्न 2020 मध्ये पेटला होता. एकत्र जोडून चोवीस तास चालवायच्या डिस्क म्हणून वेस्टर्न डिजिटल आपली ‘रेड’ मालिका विकत होती. तिच्यातल्या 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं कंपनीने त्या वर्षी एप्रिलमध्ये, ग्राहकांनी शोधून काढल्यावर मान्य केलं. 4 टीबीमध्ये डब्ल्यूडी40ईएफआरएक्स ही सीएमआर आणि डब्ल्यूडी40ईएफएएक्स ही एसएमआर : फरक एका अक्षराचा. पुढे कंपनीने सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ नावाने वेगळ्या केल्या. सीगेट आणि तोशिबा यांच्याही काही घरगुती मॉडेलमध्ये एसएमआर असल्याचं तेव्हाच समोर आलं. स्वस्त तंत्र वापरण्याला माझा विरोध नाही. ते न सांगता विकणं चूक आहे, आणि पद्धतीचं नाव खोक्यावर छापणं सक्तीचं व्हायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

यापेक्षा वेगळं तंत्र म्हणजे हीलियम भरलेल्या डिस्क, आणि लेसरने तबकडीचा सूक्ष्म ठिपका क्षणभर चारशे अंशांवर तापवून लिहिणारी एचएएमआर पद्धत. सीगेटने जानेवारी 2024 मध्ये तिच्या 30 टीबीच्या डिस्क जाहीर केल्या. हा माल पनवेल-ऐरोलीच्या डेटा सेंटरचा. घरी त्याच्यासाठी पैसे साठवत थांबू नये.

राहिली एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क. विंडोज आणि रोजचं काम तिच्यावरच असावं; जुन्या संगणकालाही तिने जीव येतो. पण माहिती भरून कपाटात ठेवून द्यायला मी ती घेणार नाही. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज नसताना तो हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीने, लेखनाची मर्यादा संपल्यावर, वीज नसताना 30 अंशांत एक वर्ष माहिती धरावी, एवढीच जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी एसएसडी याहून खूप जास्त टिकते, हे खरं. पण उष्णतेत झिरपणं वाढतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत काय होतं ते पुसदकरांना सांगायला नको.

म्हणून माझा हिशेब असा. जिच्यावर रोज लिहायचं-पुसायचं, व्हिडिओ कापायचे, ती डिस्क सीएमआरच हवी, चार पैसे जास्त गेले तरी. एकदा भरून ठेवायच्या दुसऱ्या प्रतीला एसएमआर चालते. छोट्या पोर्टेबल डिस्क बहुतेक त्याच असतात. मात्र त्यांतल्या अनेकांत यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या बोर्डावरच असतं. ते तुटलं तर डिस्क काढून साध्या केबलने दुसऱ्या संगणकाला लावता येत नाही. कॉपी संपल्याबरोबर ती ओढून काढू नका, आतली आवराआवर होऊ द्या. लाईट जाण्याचा भरवसा नसेल तर संगणकाला यूपीएस हवाच. आणि दोन प्रती एकाच कपाटात नकोत. एक मुलीकडे, भावाकडे, दुसऱ्या गावी असू द्या. लगीनसराईतले फोटोग्राफर मूळ फायली कायम ठेवत नाहीत. लग्नाची तुमच्या घरची प्रतच शेवटची असू शकते.

या दिवाळीत डिस्क घेणार असाल तर पैसे देण्याआधी खोक्यावरचा मॉडेल नंबर मोबाईलमध्ये टाकून कंपनीचं माहितीपत्रक उघडा आणि त्यात सीएमआर की एसएमआर ते पाहा. लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला दुसरं मॉडेल मागा.