शहराचे सांडपाणी आणि आपले रान



खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले आणि मुठेच्या कालव्यावर आपल्या वाडवडिलांची शेती उभी राहिली. आज पुणे वाढले. धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा, त्याला आमची ना नाही. त्या बदल्यात शहराचे सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून वर्षाला ६.५ टीएमसी पाणी बेबी कालव्यात सोडायचे ठरले. योजना चांगली. धरण आटले तरी शहराचे सांडपाणी काही आटत नाही, आणि उसाला ऐन उन्हाळ्यातच पाळी हवी असते.

पण नुसते पाणी मोजून भागायचे नाही. त्यात नत्र-स्फुरद फुकट मिळते म्हणून आपण खूश होतो. मात्र सोड्याचे क्षार रानात साचले की काळी जमीन चोपण होते. मग टनेज कुठले अन् उतारा कुठला!

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: पाणी तपासून सोडा आणि तपासणीचा कागद दर महिन्याला गावोगावच्या चावडीवर लावा. आपणही दरवर्षी माती तपासून घेऊ. पाण्याची एक पाळी चुकली तर पुढची मिळेल. रान बिघडले तर ते सुधारण्यात पोरांची उमर जाईल.