भाव चढला की बाजार, पडला की तिजोरी

मे २०२० हा महिना विसरू नका. टाळेबंदी होती, माणसं घरात कोंडलेली होती आणि जगात कच्च्या तेलाला कुणी विचारत नव्हतं. त्या एका महिन्यात दिल्लीकरांनी दोन पराक्रम केले. डिझेलवरचं उत्पादन शुल्क एका रात्रीत लिटरमागे १३ रुपयांनी आणि पेट्रोलवरचं १० रुपयांनी वाढवलं, आणि स्वयंपाकाच्या गॅसची सबसिडी शून्यावर आणली. पहिल्याची निदान अधिसूचना निघाली. दुसऱ्याचं काय? बाया पासबुक भरून घ्यायला बँकेत गेल्या तेव्हा त्यांना कळलं, की गॅसचे पैसे आलेच नाहीत.

हिशेब बघा, अवघड नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीत सिलेंडर ८५८ रुपये ५० पैशांना होता. त्यातले २९१ रुपये ग्राहकाच्या खात्यात परत यायचे, म्हणजे तो पडायचा साधारण ५६७ला. मे महिन्यात जागतिक भाव कोसळले आणि सिलेंडर ५८१ रुपये ५० पैशांवर उतरला. बाजारच खाली आला, मग सबसिडी कशाला? इथपर्यंत मी सरकारच्या बाजूने आहे. पण पुढे भाव उलटला. मार्च २०२३ मध्ये तोच सिलेंडर ११०३ रुपयांना गेला. सबसिडी परतली का? सर्वसाधारण घरांसाठी कधीच नाही. गरीब घरांना गॅसजोडणी देणाऱ्या उज्ज्वला योजनेच्या लाभार्थींना मे २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी, सिलेंडरमागे २०० रुपये मिळू लागले. गॅस सबसिडीवरचा केंद्राचा खर्च २०२०-२१ मध्ये ११,८९६ कोटी होता, पुढच्या वर्षी तो २४२ कोटींवर आला. लोकांच्या ताटाखालून एवढी रक्कम ओढून घेतली आणि संसदेत कुणी प्रश्न विचारला तेव्हाच आकडा बाहेर आला.

यालाच दिल्लीकर अर्थशास्त्र म्हणतात. ‘बाजाराधारित मूल्यनिर्धारण’ असा भारदस्त शब्द आहे त्याला. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झालं, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल. बाजार चढला तर सोसा, उतरला तर फायदा तुमचाच, असं तेव्हा ठणकावून सांगितलं गेलं. मग २०१४ मध्ये साडेतीन रुपयांवर असलेलं डिझेलवरचं उत्पादन शुल्क २०२० मध्ये ३१ रुपये ८३ पैशांवर कसं पोचलं? बाजार उतरला तेव्हा उतरलेला पैसा कुणी उचलला? भाव चढला की तो बाजाराचा, पडला की तिजोरीचा. राज्य सरकारही यात पुढेच. पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे. टक्क्यांतला कर म्हणजे महागाई जितकी जास्त तितकी वसुली जास्त, मग भाव उतरावा असं मुंबईला तरी कशाला वाटेल?

आणि हे डिझेल जाळतं कोण? आमच्या विदर्भातल्या चिखली-मेहकर पट्ट्यात नांगरटी, रोटाव्हेटर, सोयाबीन काढायचा हडंबा, सगळं डिझेलवर. बैलजोडी केव्हाच गेली. मोंढ्यात सोयाबीनचा भाव ठरवणारा शेतकरी नाही, पंपावर डिझेलचा ठरवणाराही नाही. दोन्हीकडे तो फक्त ऐकून घेतो.

आता घरात या. मोताळा तालुक्यातलं, घाटाखालच्या कोणत्याही गावातलं घर घ्या. ओट्यावर गॅसची शेगडी आहे, तिच्यावर फडकं झाकलेलं. पाहुणे आले की चहापुरती ती पेटते, किंवा पावसाने सरपण ओलं झालं की. भाकरी बाहेर, चुलीवर. अंगणात पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, ढीग. “टाकी भराले एकदम पैसे कुठून आणू भाऊ?” हा प्रश्न तुम्हाला दहा घरांत ऐकू येईल. सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या औरंगाबादेत, तेव्हाच्या नावाने सांगतो, पंतप्रधानांच्या हस्ते उज्ज्वलाची आठ कोटीवी जोडणी दिली गेली. मोठा मेळावा झाला. जोडणी मोजायला सगळे तयार असतात. ती टाकी पुन्हा भरली का, हे मोजायला कॅगला यावं लागलं, आणि त्या वर्षअखेरच्या अहवालात वर्षाला सरासरी जेमतेम तीन टाक्या निघाल्या. २०२४-२५ साठी सरकारने ४.४७ हा आकडा अभिमानाने सांगितला. चार-पाच माणसांच्या घरात साडेचार टाक्यांत वर्षभर कुणाचा स्वयंपाक होतो? मंत्रालयातल्या कुणाचा होत असेल तर त्यांनी सांगावं.

त्यात रॉकेलही गेलं. घरात गॅस आला म्हणून रेशनवरचं रॉकेल बंद, आणि गॅस भरायला पैसे नाहीत म्हणून शेगडी बंद. उरली पऱ्हाटी. आणि कृषी खातं काय सांगतं? गुलाबी बोंडअळी त्या वाळल्या बोंडांत दबा धरून बसते, तेव्हा पऱ्हाटी साठवून ठेवू नका. बरोबरच सांगतं, २०१७ साली त्या अळीने विदर्भाचा कापूस खाल्ला. पण ज्या बाईची चूल त्याच ढिगावर चालते तिने काय करावं? एक खातं ढीग हटवायला सांगतं, दुसऱ्या खात्याने तोच ढीग तिचं इंधन करून ठेवलाय. दोन खात्यांनी एकदा तरी एका टेबलावर बसावं, एवढीही अपेक्षा करायची नाही का?

ऑगस्ट २०२५ मध्ये उज्ज्वलाच्या सबसिडीच्या टाक्या १२ वरून ९ केल्या. भरतातच साडेचार, मग ९ पुष्कळ झाल्या, हे समर्थन! उपाशी माणूस कमी जेवतो म्हणून त्याचं ताट लहान करण्याचा हा प्रकार आहे. आणि भावकपातीचं वेळापत्रक बघा. २०२३ मध्ये राखीला २०० रुपये कमी. ८ मार्च २०२४ला, निवडणूक जाहीर होण्याच्या आठवडाभर आधी, १०० रुपये कमी. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये वाढले, त्या दिवशी कोणताही सण नव्हता. गॅसचा भाव पंचांग आणि मतपेटी बघून ठरतो, हे शाळकरी पोरालाही कळतं. शिवाय ही सरसकट कपात बंगल्यालाही तेवढीच आणि झोपडीलाही तेवढीच. दारात दोन गाड्या असणाऱ्याला सवलत द्यायला पैसे असतात, पण संग्रामपूरच्या सातपुड्यातल्या कोरकू बाईची टाकी भरायला नसतात?

राज्याची अन्नपूर्णा योजना घ्या. २०२४ मध्ये तीन सिलेंडर ‘मोफत’ जाहीर झाले. मोफत म्हणजे काय, तर आधी पूर्ण पैसे मोजा, मग खात्यात परत येतील. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. तेव्हाची साडेआठशेची टाकी म्हणजे जवळपास तीन दिवसांची पूर्ण मजुरी, तीही आधी हातात हवी. एवढे पैसे हातात असते तर त्या बाईने कुणाची वाट पाहिली असती का? गरिबाने सरकारला उधार द्यायचं आणि सरकारने त्याला दान म्हणायचं, ही लबाडी आहे.

सबसिडी सगळ्यांना द्या असं मी म्हणत नाही. पगारदारांची, व्यापाऱ्यांची, माझी, खुशाल काढा. २०१५ नंतर एक कोटीहून अधिक घरांनी ती आपणहून सोडली, त्यांचं मी मनापासून कौतुक करतो. पण सोडलेला पैसा चुलीपर्यंत पोचला पाहिजे. उज्ज्वलाचे पुढे २०० वरून ३०० झालेले रुपये आणि अन्नपूर्णाची रक्कम पावतीवरच वजा करा, बाईकडून उरलेलेच घ्या. पाच किलोची छोटी टाकी गावातल्या रेशन दुकानात ठेवा, म्हणजे आठवड्याच्या मजुरीतून ती भरता येईल. दावणीला जनावरं आहेत तिथे बंद पडलेले गोबरगॅस दुरुस्त करायला माणूस आणि पैसा द्या. आणि भाव किती चढला की सबसिडी किती वाढेल, हे सूत्र कागदावर छापा.

आपण घरी काय करायचं? कुकर वापरा, डाळ भिजत घाला, हे आपल्या बायका सरकारपेक्षा चांगलं जाणतात, त्यांना शिकवू नका. घरातल्या पुरुषांनी मात्र एक करावं. मोबाइलच्या रिचार्जला पैसे निघतात तसे टाकीला काढावेत. धूर घरातली बाई एकटी गिळते.

आपले खासदार प्रतापराव जाधव जून २०२४ पासून केंद्रात आरोग्य खात्याचे राज्यमंत्री आहेत. चुलीचा धूर हा आरोग्याचाच प्रश्न आहे, त्यांच्या खात्यातला आणि त्यांच्याच मतदारसंघातला. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: सबसिडी पावतीवर वजा करा. गावागावातून तो त्यांच्याकडे पाठवा आणि उत्तर लेखी मागा.