शेजाऱ्यांच्या कादंबऱ्या वर्गात येऊ द्या

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बी.ए.च्या मुलांना इंग्रजी साहित्य शिकवते. तिसऱ्या वर्षाला येणारी बहुतेक मुलं मराठी माध्यमातली. कुणी सकाळी धार काढून येतं, कुणी दुपारनंतर मेडिकलच्या दुकानात उभं राहतं. समकालीन दक्षिण आशियाई कथासाहित्याचा पेपर खरं तर याच मुलांच्या हक्काचा. पण अनेक ठिकाणी त्याचं नाव दक्षिण आशियाचं असतं आणि आत असतात अरुंधती रॉय, अरविंद अडिगा आणि फार तर मोहसीन हमीद. तिघांच्याही कादंबऱ्या मुळात इंग्रजीतल्या. त्या मी आवडीने शिकवल्या आहेत, पुढेही शिकवीन. पण या भूभागातली माणसं कन्नडमध्ये भांडतात, उर्दूत रडतात, तमिळमध्ये लग्नं जमवतात, आणि याच भाषांतून आजच्या उत्तम कादंबऱ्या लिहिल्या जात आहेत. त्यांची इंग्रजी भाषांतरं बाजारात मिळतात. ती अभ्यासक्रमात का नाहीत?

‘भाषांतर म्हणजे इंग्रजी साहित्य नव्हे,’ असं उत्तर मला अनेकदा मिळालं आहे. ते मला पटत नाही. इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ आपण वर्षानुवर्षं इंग्रजीच्या वर्गात शिकवतो, ते मूळ नॉर्वेजियन आहे. चेखव रशियन, काम्यू फ्रेंच. युरोपातली भाषांतरं चालतात, मग धारवाड-बेंगळुरूकडून आलेलं भाषांतर का चालू नये? गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ला २०२२ मध्ये आणि बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. दोन्ही वेळा ते लेखिका आणि भाषांतरकार, दोघींना विभागून मिळालं. जगाने ज्याला साहित्य म्हणून मान दिला, ते आपल्या अभ्यास मंडळांनी दाराबाहेर उभं करू नये.

विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ ही छोटी कन्नड कादंबरी मी श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी भाषांतरातून अंतर्गत गुणांसाठी वाचून घेते. बेंगळुरूतलं एक कुटुंब. वडिलांची विक्रेत्याची नोकरी सुटलेली आणि काकाच्या मसाल्याच्या धंद्यावर घर अचानक श्रीमंत झालेलं. एक दिवस दारात एक बाई येते. काकाला भेटायचंय म्हणते, त्याच्यासाठी मसूरची आमटी घेऊन आलेली असते. घरातल्या बायका तिला शिव्या देऊन हाकलून लावतात. काका घरातच असतो, पण बाहेर येत नाही. नव्याने घरात आलेल्या सुनेला, अनिताला, हे सहन होत नाही आणि ती तोंडावर बोलून दाखवते.

हा प्रसंग वाचला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, म्हणाली, ‘मॅडम, त्या बायका वाईट नाहीत. काकाचा पैसा बंद झाला तर त्यांनी जायचं कुठं?’ तिच्याशेजारची लगेच उसळली, ‘म्हणून एका बाईला असं घालवायचं?’ तास संपला तरी दोघी भांडत होत्या, मराठीत. मी त्यांना थांबवलं नाही आणि इंग्रजीत बोला असंही म्हटलं नाही. कमावत्या माणसापुढे सगळं घर कसं वाकतं, यावर मी समीक्षेची चार पुस्तकं उघडली असती तरी त्या दोघी बोलल्या त्याच्या जवळपास पोचले नसते. पुढच्या आठवड्यात दोघींनी त्याच मुद्द्यावर एकेक पान इंग्रजीत लिहून आणलं. व्याकरणाच्या चुका होत्या, पण प्रत्येक वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. सांगायला काही असलं की भाषा हाती येते, हे मी दरवर्षी पाहते.

शेजार म्हणजे फक्त कर्नाटक नव्हे. शेहान करुणतिलक यांच्या २०२२ सालच्या बुकरविजेत्या कादंबरीत १९९० मधलं कोलंबो आहे आणि कथानायक एक मेलेला छायाचित्रकार. (ती इंग्रजीतच लिहिलेली आहे, इंग्रजीशी माझं वैर नाही.) सुरुवातीलाच त्या काळात एकमेकांच्या जिवावर उठलेल्या गटांची यादी येते. तिच्यात भारताची शांतिसेनाही आहे आणि तिच्याबद्दलचे शब्द कडवट आहेत. आमच्या जिल्ह्यात सैनिकाचं घर नाही असं गाव सापडणं अवघड. १९८७ पासून या शांतिसेनेतून जाफन्याच्या परिसरात लढलेल्यांत महार रेजिमेंटचे जवान होते. त्याच रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. ही पानं वाचून एका मुलाने विचारलं, ‘माझे आजोबा तिथं होते. हे लोक आपल्यावर एवढे चिडलेले का?’ त्याच्या आजोबांच्या शौर्याला या प्रश्नाने धक्का लागत नाही. पण आपण ज्यांच्या घरात बंदुका घेऊन गेलो त्यांना आपण कसे दिसलो, हे त्याला पहिल्यांदा एका कादंबरीने सांगितलं. इतिहासाच्या पेपरात शांतिसेना त्याच्या वाट्याला आली नव्हती.

जयंत कायकिणी मुंबईवर कन्नडमध्ये कथा लिहितात. तेजस्विनी निरंजना यांनी केलेल्या त्यांच्या इंग्रजी भाषांतराला २०१८ चं दक्षिण आशियाई साहित्याचं डीएससी पारितोषिक मिळालं. आपल्याच राजधानीतल्या चाळी, लोकल आणि इराण्याची हॉटेलं शेजारच्या भाषेत कशी उतरतात, हे मराठी मुलांनी पाहायला नको? शेजारच्या भाषेतलं भाषांतरातून वाचायची सवय मराठी वाचकाला नवी नाही. उमा कुलकर्णींनी कन्नड कादंबरीकार भैरप्पा मराठीत आणले तेव्हा ते परके आहेत असं कुणाला वाटलं नाही. पण तो वाचक घरी, सार्वजनिक वाचनालयात तयार झाला. कॉलेजात मराठी विभाग आणि इंग्रजी विभाग एकाच मजल्यावर असून एकमेकांच्या तासाला बसत नाहीत. एखादी भाषांतरित कादंबरी दोघांनी मिळून शिकवायला काय हरकत आहे?

चार क्रेडिटच्या पेपरला साठ तास मिळतात. त्यात सहा पुस्तकं कोंबली की मुलं एकही वाचत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या नोट्स वाचतात. ‘अस्मितेचा शोध या विषयावर चर्चा करा’ हा प्रश्न कोणत्याही कादंबरीला लागू पडतो आणि त्याचं पाठ केलेलं उत्तरही. दोन कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह पुरे. त्यातली एक कादंबरी सीमेपलीकडची असावी आणि एक भारतीय भाषेतून इंग्रजीत आलेली. प्रश्नपत्रिकेत पुस्तकातलं एक अख्खं पान छापावं आणि या पानात काय घडतंय ते लिहा, असं विचारावं. अंतर्गत गुणांपैकी काही तोंडी परीक्षेला द्यावेत, आणि ती परीक्षा मुलाला मराठीत द्यायची असेल तर देऊ द्यावी.