निकालाची तारीख आजच तपासा

उच्च न्यायालयाचा आदेश तुमच्या बाजूने झाला आहे आणि तरीही कार्यालयात दाद लागत नाही? मग ती फाईल आज बाहेर काढा आणि तारीख बघा. अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत अवमान याचिका दाखल करावी लागते. १९७१च्या न्यायालय अवमान कायद्याचं कलम २० तसं सांगतं. आदेशात मुदत दिली असेल तर ती कधी संपली, तिथून मोजा. ‘फाईल मंत्रालयात आहे’, ‘विधी विभागाचा अभिप्राय यायचाय’ हे ऐकत ऐकत वर्ष सरतं आणि हातातला निकाल नुसता कागद उरतो.

मोठ्या साहेबांचं कोण काय वाकडं करणार, असं म्हणून हात टेकू नका. मे २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचे मंत्री स्वरूपसिंह नाईक आणि वनखात्याचे प्रधान सचिव अशोक खोत यांना एकेक महिन्याची कैद सुनावली. न्यायालयाचे निर्बंध डावलून त्यांनी लाकडावर चालणाऱ्या कारखान्यांना परवानगी दिली होती. दोघांची माफी न्यायालयाने नाकारली. मे २०२५मध्ये आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने आंध्रातल्या एका उपजिल्हाधिकाऱ्याला खालच्या पदावर आणलं, वर एक लाखाचा दंड केला. तहसीलदार असताना त्याने उच्च न्यायालयाचा आदेश धुडकावून गुंटूर जिल्ह्यात गरिबांच्या झोपड्या पाडल्या होत्या.

अशी उदाहरणं थोडीच, हे खरं आहे. कायद्यात शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद आणि दंड दोन हजार रुपये; वरचा लाखाचा दंड हा सर्वोच्च न्यायालयाने केलेला अपवाद. उत्तर प्रदेशच्या कल्याणसिंहांना १९९४मध्ये मुख्यमंत्रिपदाच्या काळातल्या अवमानाबद्दल एका दिवसाची कैद झाली. बहुतेक वेळा बिनशर्त माफीनामा येतो आणि साहेब सुटतात. पाडकामाआधी १५ दिवसांची नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये बजावलं होतं. तरी मार्च २०२५मध्ये नागपुरात घरावर बुलडोझर चालला. उच्च न्यायालयाने जाब विचारल्यावर महापालिका आयुक्तांनी बिनशर्त माफी मागितली. अधिकाऱ्यांना त्या निकालाची माहितीच नव्हती, असं कारण दिलं.

हे ‘माहीत नव्हतं’ तुम्हीच खोडून काढू शकता. अवमान जाणूनबुजून झाला हे सिद्ध करावं लागतं, म्हणून पुरावा आत्तापासून जमवा. आदेशाची प्रमाणित प्रत संबंधित अधिकाऱ्याच्या नावाने आवक विभागात द्या, शिक्क्यासह पोच घ्या. स्पीड पोस्टानेही एक प्रत पाठवा. मग माहिती अधिकारात त्या फाईलवरच्या टिपण्या मागा: आदेश कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून होता, ते तिथे दिसतं. तोंडी आश्वासनावर परत फिरू नका, लेखी मागा.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. धरणग्रस्त, निवृत्त शिक्षक, सफाई कामगार, ज्यांचा आदेश एकच आहे त्यांनी एकत्र या. आणि ज्यांची कसलीच केस नाही, त्यांनी ग्रामसभेत, वॉर्डात जाहीरपणे विचारावं: आपल्या कार्यालयाविरुद्ध किती अवमान याचिका चालू आहेत आणि त्या लढवायला आपल्या करातून किती पैसा गेला?

वर्ष भरत आलं असेल तर उद्यावर टाकू नका. कागद घेऊन वकिलाकडे आजच जा.