संगणक अंधांचा, निवड मात्र डोळसांची!

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपण दर वर्षी २० मार्चला सांगतो. त्यातला एक तपशील मात्र भाषणांच्या घाईत सुटून जातो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे कागदावर तळे आपलेच होते! प्रत्यक्ष ओंजळभर पाणी घ्यायला मात्र १९२७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी बाबासाहेबांना स्वतः तळ्यावर चालत जावे लागले. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांच्यात केवढे अंतर असते, हे आंबेडकरी माणसाला कोणी शिकवायला नको.

अंध बांधवांच्या बाबतीत आज नेमके हेच चालले आहे. २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा माहिती आणि तंत्रज्ञान सर्वांना वापरता आले पाहिजे, असे सांगतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याही पुढे जाऊन डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. निकाल ऐतिहासिक आहे. परंतु नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवरच्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासमोर संगणक येतो, तेव्हा त्यात कोणती ऑपरेटिंग सिस्टीम असावी हे कोण ठरवतो? पुरवठादार ठरवतो. कार्यालयातला बाबू ठरवतो. वाढदिवसानिमित्त संगणक वाटणारा पुढारी ठरवतो. ज्याला तो संगणक वापरायचा आहे, त्याला कोणी विचारतच नाही!

हा विषय तांत्रिक लोकांचा आहे, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ५० लाख आणि एकट्या महाराष्ट्रात साडेपाच लाखांहून अधिक लोकांनी दृष्टीचे अपंगत्व नोंदवले. ज्या घरात कुपोषण आहे, वेळेवर डॉक्टर नाही, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, त्या घरात अंधत्व लवकर शिरते. अशी घरे कोणत्या वस्त्यांत आहेत, हे वेगळे सांगायला हवे काय?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणक सुरू होताच त्याचा कारभार हाती घेणारी मूळ प्रणाली. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी, अॅपलची मॅक ही तिसरी. अंध माणूस पडदा पाहत नाही, तो ऐकतो. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक बटण बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम हेच त्याचे डोळे. माउस त्याच्या उपयोगाचा नाही, सारा कारभार कळफलकावर चालतो. म्हणून डोळस माणसासाठी जी निवड आवडीनिवडीची असते, ती अंधासाठी शिक्षण आणि नोकरीची असते. चुकीची प्रणाली म्हणजे समोर मुका डबा!

आता एकेक पर्याय पाहू. विंडोजमध्ये कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की कंपनीचा स्वतःचा नॅरेटर बोलू लागतो. पण विंडोजवर अंधांचा खरा आधार दोन प्रोग्रामनी दिला. १९८९ साली आलेला जॉज हा अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर यांच्या कंपनीचा. प्रोग्राम ताकदीचा, पण किंमत शेकडो डॉलर. आपल्याकडे अनेकांनी वर्षानुवर्षे त्याच्या चोरीच्या प्रती वापरल्या, कारण विकत घेण्याची ऐपत नव्हती. दुसरा एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाला. डोळस माणसाला संगणकासोबत पडदा फुकट मिळतो, मग अंध माणसाने आवाजासाठी वेगळे पैसे का मोजायचे, हा त्यांचा सवाल होता. म्हणून एनव्हीडीए आजही पूर्णपणे मोफत आहे. तो मराठीही वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे, कानाला सवय लागायला काही दिवस जातात, पण काम होते.

लिनक्स ही कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली मोफत प्रणाली. तिच्यात ऑर्का हा स्क्रीन रीडर असतो. उबुंटूमध्ये ऑल्ट, विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि एस एकत्र दाबले की तो सुरू होतो. डेबियन बसवताना सुरुवातीलाच एस आणि एंटर दाबले तर संपूर्ण स्थापना बोलत बोलत होते, म्हणजे अंध माणूस कोऱ्या यंत्रावर स्वतःच्या हाताने प्रणाली बसवू शकतो. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आणि त्याच राज्यात अंधांसाठी अॅक्सेसिबल कोकोनट ही उबुंटूवर आधारलेली प्रणाली तयार झाली. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑर्काला सन मायक्रोसिस्टिम्सचा आधार होता. २०१० साली ऑरॅकलने सन विकत घेतली आणि तो आधार सुटला. त्यानंतर मोजक्या माणसांनी हे काम पेलून धरले. त्यामुळे काही ठिकाणी ऑर्का अडखळतो, आणि लिनक्सची प्रत्येक आवृत्ती अंधांना सारखी सोयीची नसते.

अॅपलच्या मॅकमध्ये २००५ पासून व्हॉइसओव्हर आहे आणि तो चांगला आहे. पण मॅकची किंमत पाहता आपल्या वस्तीत तो किती जणांच्या टेबलावर येईल? उलट अँड्रॉइड मोबाइल आज घराघरांत आहे, त्यातला टॉकबॅक मोफत आहे आणि गुगलचा मराठी आवाजही त्याला मिळतो. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये छापलेली नोट किती रुपयांची आहे, हे ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी आणलेले मनी अॅप याच मोबाइलवर चालते. मात्र मोबाइल हा संगणकाला पर्याय नव्हे. मोबाइलवर वाचता येते, पण प्रबंध लिहिणे, अर्जांचे तक्ते भरणे, कार्यालयाची फाइल तयार करणे यासाठी कळफलक लागतोच.

मग निवडायचे काय? नोकरीच्या मागे असलेल्या विद्यार्थ्याने आज तरी विंडोज आणि एनव्हीडीए हीच जोडी आधी शिकावी. एमएस-सीआयटीपासून सरकारी कार्यालये आणि बँकांपर्यंत सारा व्यवहार बव्हंशी विंडोजवर चालतो. केवळ तत्त्वासाठी त्याला लिनक्सवर बसवून परीक्षेत मागे टाकणे हा अन्याय होईल. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर चालत नाही. संस्थांतून आणि वसतिगृहांतून असे संगणक भंगारात जाऊ पाहत आहेत. त्यांच्यावर लिनक्स आणि ऑर्का बसवावा. ज्यांना पुढे प्रोग्राम लिहायचे आहेत, त्यांनी तर लिनक्स शिकावाच. उद्याचा स्क्रीन रीडर आपल्याच वस्तीतल्या मुलीने का लिहू नये?

कोणतीही प्रणाली घेताना कसोटी एकच लावावी. बंद यंत्रापासून सुरुवात करून अंध व्यक्तीने एकट्याने संगणक चालू करावा, मराठीत एक अर्ज लिहावा, तो जतन करावा, ईमेलने पाठवावा आणि आलेले उत्तर ऐकावे. मध्ये कुठेही डोळस माणसाचा हात लागता कामा नये. या कसोटीला उतरते ती प्रणाली चांगली, मग ती कोणत्याही कंपनीची असो.

आणि ही कसोटी घेणारा अंधच असला पाहिजे. लुई ब्रेल यांनी १८२४ साली, वयाच्या अवघ्या १५ व्या वर्षी ठिपक्यांची लिपी तयार केली. त्यांच्याच पॅरिसच्या शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली, ब्रेल वारल्यावर दोन वर्षांनी! डोळस शिक्षकांना स्वतःला वाचता येणारी उठावाची अक्षरेच सोयीची वाटत होती. शिकायचे कोणी आणि सोय पाहायची कोणाची?

हा अनुभव आपल्याला अनोळखी नाही. आपले नावसुद्धा दुसऱ्यांनी ठरवले होते. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत अस्पृश्यांना कायद्याने 'हरिजन' म्हणण्याचा घाट घातला गेला, तेव्हा आपल्या नाशिकचे दादासाहेब गायकवाड विरोधात उभे राहिले आणि बाबासाहेबांच्या पक्षाने सभात्याग केला. गोड शब्द चिकटवून हक्क नाकारण्याची ती जुनीच रीत. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला, तेव्हा अपंगांच्या अनेक संघटनांनी हाच आक्षेप घेतला. देवत्व नको, रस्ता मोकळा करा! शब्दही दुसऱ्याने द्यायचा, संगणकही दुसऱ्याने निवडायचा आणि फोटोत मात्र अंधाने हात जोडून उभे राहायचे, हे दान झाले. हक्क नव्हे.

आता चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. प्रणाली कितीही चांगली निवडली तरी तिने वाचायचे काय? स्क्रीन रीडर अक्षराचा आकार पाहत नाही, त्यामागचा संकेत वाचतो. युनिकोडमध्ये 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये मात्र मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या संकेतावर बसवलेले असते. डोळ्यांना ते सुरेख मराठी दिसते, अंधाच्या कानात मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा पडतो. स्कॅन करून केलेली पीडीएफ तर निव्वळ छायाचित्र, तिथे आवाजच नाही. चळवळीची किती पुस्तके, किती स्मरणिका, किती अंक याच दोन प्रकारांत अडकले आहेत! महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून बाबासाहेबांचे खंड काढायला सुरुवात केली. त्या खंडांची हातोहात फिरणारी स्कॅन केलेली पाने अंध भीमसैनिकाला मुकीच आहेत. अखेरच्या वर्षांत खुद्द बाबासाहेबांची दृष्टी अधू झाली होती. त्यांच्यापाशी टंकलेखनाला नानकचंद रत्तू होते. वस्तीतल्या अंध मुलीपाशी कोण आहे? तिचा रत्तू म्हणजे हाच बोलणारा संगणक. त्याला वाचता येईल असा मजकूर देणे आपल्या हातात आहे, त्यासाठी कोणत्याही सरकारच्या परवानगीची गरज नाही.

मागण्या साध्या आहेत. महानगरपालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी लागते. नाशिक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी या निधीचा हिशेब मागावा. त्यातून प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात आणि समाजकल्याणच्या वसतिगृहात एक तरी बोलणारा संगणक, हेडफोनसह, बसवून घ्यावा. खरेदी समितीवर दृष्टिहीन व्यक्ती असावी आणि तिने वर सांगितलेली कसोटी घेतल्याशिवाय पुरवठादाराचे बिल मंजूर होऊ नये. शिकवण्यासाठी माणसे दूर शोधायला नकोत. सातपूरला नॅबचे संकुल आहे, शहरात संगणक सफाईने चालवणारे अंध तरुण आहेत. त्यांना मानधन देऊन समाजमंदिरात, बुद्धविहारात रविवारचे वर्ग सुरू करावेत. आणि चळवळीच्या प्रत्येक प्रकाशकाने यापुढचे प्रत्येक पुस्तक युनिकोडमध्येही जतन करावे.

२ मार्च १९३० रोजी याच नाशिकमध्ये काळाराम मंदिराच्या दरवाजापाशी आपली माणसे उभी राहिली. प्रश्न दर्शनाचा नव्हता, माणूस म्हणून बरोबरीचा होता. आज अंध बांधव संगणकाच्या दारात उभा आहे. कुलूप कोणते आहे हे त्याला ठाऊक आहे आणि किल्ली कोणती लागेल हेही त्यालाच ठाऊक आहे. त्याला विचारा, त्याच्या शब्दाप्रमाणे खरेदी करा आणि बाजूला व्हा. पुढचे वाचन तो स्वतः करील!

जय भीम!