किनाऱ्यावरील नगरे कोणासाठी?

कोकणच्या किनाऱ्यावर नवी नगरे वसविण्याचा संकल्प आता केवळ व्यासपीठावरील घोषणा राहिलेला नाही. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाच्या आधाराने १०५ गावांच्या भूमीवर १३ विकासकेंद्रे उभारावयाची आणि त्यांचे नियोजन राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपवावयाचे, असा निर्णय शासनाने २०२४ साली घेतला. नगरे वाढणारच असतील तर ती आखणी करून वाढावीत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. रत्नागिरीच्या तरुणाला पोटासाठी मुंबई गाठावी लागू नये, ही तर आपली पिढ्यान्‌पिढ्यांची इच्छा आहे. प्रश्न आहे तो हा, की या नगरांत मूळ गावकऱ्याचे स्थान काय?

या बाबतीत नवी मुंबईचा इतिहास डोळ्यांआड करता येणार नाही. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नगराची कल्पना मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागांतील ९५ गावांची जमीन त्या नगरासाठी निश्चित झाली. कल्पना उदात्त होती. परंतु आगरी-कोळी शेतकऱ्याला आपल्या हक्कासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरावे लागले, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले, आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य व्हावयास १९९० साल उजाडले. नगर आधी आले. न्याय वीस वर्षांनी आला.

आपल्याकडे धोका याहूनही सूक्ष्म आहे. तेथे जमीन शासनाने घेतली. त्यामुळे मूळ मालक कोण, हे दप्तरी नोंदलेले राहिले. येथे आराखड्याच्या आधी दलाल दारात येतो. सातबाऱ्यावर भाऊबंदांची डझनभर नावे, त्यांतील निम्मी मुंबईत. त्यांपैकी एकदोघांनी सही केली की वाटणीच्या तंट्याला कंटाळून बाकीचेही करतात. कातळ म्हणून विकलेली जमीन पुढे नगरभूमी ठरते आणि वाढलेल्या मोलातला पैसाही मूळ धन्याच्या हाती लागत नाही. उद्या साडेबारा टक्क्यांसारखी योजना झालीच, तर तिचा लाभ उताऱ्यावर नाव असलेल्याला मिळेल. आणि ते नाव त्या जमिनीत कलमे वाढविणाऱ्याचे नसेल.

दुसरा प्रश्न पाण्याचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात वैशाखात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. जेथे आहे त्या वस्तीची तहान भागत नाही, तेथे सहस्रावधी सदनिका कोणत्या पाण्यावर उभ्या राहणार? आणि समुद्र आराखडे वाचत नाही. मिऱ्याच्या किनाऱ्याने त्याचा मारा किती वर्षे सोसला, हे रत्नागिरीकरांना सांगावयास नको.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. विकासकेंद्रांच्या गावांत निर्णयापूर्वीच्या काही वर्षांत झालेले मोठे जमीनव्यवहार शासनाने प्रसिद्ध करावेत. गावकऱ्याचा विकसित भूमीतील वाटा आराखड्याबरोबरच कायद्याने ठरवावा. पाण्याची तरतूद दाखविल्याखेरीज एकाही गृहसंकुलास परवानगी देऊ नये. आणि मच्छीमारांच्या होड्या लागतात, जाळी वाळतात तो किनारा कोणाच्याही कुंपणात जाऊ नये.

शासनाइतकेच उत्तरदायित्व आपलेही आहे. या शहरातील आणि मुंबईतील कित्येक सुशिक्षित कुटुंबांची नावे आजही गावच्या सातबाऱ्यावर आहेत. आलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यांनी गावी राहून ती जमीन राखणाऱ्या चुलत्याला एकदा विचारावे. नगर वसावयास पन्नास वर्षे लागतात. गाव हातचे जावयास एक सही पुरते.