हात काळे करायचे असतील तर...

परवा ऑफिसात जेवताना एकानं विचारलं, "दर शुक्रवारी रात्री कोल्हापूरला पळतोस, तिथं करतोस काय एवढं?" म्हटलं, "गाडीखाली झोपतो." त्याला वाटलं मी टाळतोय. पण खरंच, गेली दोन वर्षं माझे बहुतेक वीकएंड घरासमोरच्या फरशीवर, एका फियाट पॅलिओ १.६ च्या खाली जातात.

"पॅलिओ कधीपासून स्पोर्ट्स कार झाली?" असं विचारणाऱ्यांना आधीच सांगतो, नाहीच आहे ती. खरी स्पोर्ट्स कार म्हणजे सचिनला २००२ साली मिळालेली फेरारी ३६० मोडेना. त्याच सचिननं जिची जाहिरात केली, ती ही हॅचबॅक. पण १५९६ सीसीचं इंजिन आणि १०० बीएचपी! ज्या काळात ८०० सीसीच्या गाडीत सगळं घर आणि वर लग्नाचं सामान बसायचं, त्या काळात आमच्यासारख्यांची फेरारी हीच. कॉलेजात असताना कावळा नाक्यावर एक बघितली होती, ती डोक्यातून गेलीच नाही. शेवटी पस्तिशी उलटल्यावर सेकंडहँड घेतली.

घेतल्यावर कळलं की पुढं काय वाढून ठेवलंय. फियाटनं २०१९ मध्ये भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणं बंद केलं. पॅलिओ तर त्याच्याही कितीतरी आधी गेलेली. पार्ट शोधायचे, ते मिळाले तर बसवणारा शोधायचा. म्हटलं, आपण इंजिनीअर आहोत ना, शिकू की! (सॉफ्टवेअर इंजिनीअर. हा फरक पुढं येईलच.)

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णांनी उभी हयात शिवाजी उद्यमनगरात लेथवर काढली. बाहेरगावच्या वाचकांसाठी, उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचं यंत्रांचं पेठघर. ऑइल इंजिनपासून साखर कारखान्याच्या पार्टपर्यंत काहीही घेऊन जा, कुणीतरी करून देतो. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं तिथं आजही आदरानं घेतली जातात. तुमच्या गाडीतलं एखादं कास्टिंग शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून आलेलं असण्याची शक्यताही बरीच आहे. दसरा चौकात शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक येते, तेव्हा आपण सगळे गाडीचे फोटो काढतो. ती चालती ठेवणाऱ्या हातांचे कुणी काढत नाही.

अण्णांच्या नखांत कायम काळी रेघ असायची. मला ते एकच सांगायचे, "तू शीक, म्हणजे हात काळे करायला लागणार न्हाईत." मी शिकलो, हिंजवडीत लागलो. आणि आता सुट्टीच्या दिवशी हौसेनं हात काळे करायला त्यांच्याच दारात येतो. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. "येवढं शिकून शेवटी ह्येच करायचं हुतं व्हय?" म्हणाले आणि आत गेले. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पहिले काही महिने मजेत गेले. ऑइल, एअर फिल्टर, प्लग. मग मी ब्रेककडं वळलो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं हे तेव्हा नीट कळलं. ताजं डॉट ४ किमान २३० अंशाला उकळतं, पाणी शोषलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. घाट उतरताना ब्रेक तापले की त्या ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय खाली जातो. गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. हे वाचून मी एकदम जोशात आलो. ऑइल बदललं, पुढचे पॅड बदलले, साफसफाईसाठी कॅलिपरचं ब्रॅकेटही उतरवलं.

शनिवारी संध्याकाळी परत जोडताना उजव्या ब्रॅकेटचा एक बोल्ट शेवटी शेवटी एकदम हलका झाला. पाना फिरतोय, पण घट्ट काही होत नाही. ज्यानं हे कधी अनुभवलंय त्याच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. आटे गेले होते. बोल्ट तिरका लागला होता आणि मी तसाच पान्यानं रेटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई, बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जोतिबाला जायचं होतं. आणि मी काय केलं? चाक लावलं, हात धुतले आणि जेवायला बसलो. दुसरा बोल्ट आहे की, सोमवारी बघू, असं स्वतःला सांगितलं.

आमच्या धंद्यात याला 'नोन इश्यू' म्हणतात. बग माहीत असतो, पण रिलीजची तारीख गाठायची असते. मग तो कुठंतरी नोंदवायचा आणि पुढच्या व्हर्जनमध्ये बघायचा. पंधरा वर्षं मी हेच करत आलोय, आणि फार तर कुणाचं पान उघडलं नाही. जोतिबाच्या उतारावर पुढचं व्हर्जन नसतं.

रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे पाचला अण्णांना उठवून सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बॅटरी घेऊन बाहेर आले, मला चाक काढायला लावलं, बोल्टला दोन बोटं लावली आणि म्हणाले, "गाडी जायाची न्हाई." आम्ही एसटीनं गेलो. वाटेत एकदाच म्हणाले, "आटं कुणाचं बी जात्यात. सांगितलंस, बरं केलंस."

सोमवारी सुट्टी टाकली. स्टिअरिंग नकल उतरवून अण्णांच्या ओळखीच्या एका मेस्त्रींकडं नेला. त्यांनी भोक मोठं केलं, नवे आटे पाडले, त्यात स्टीलचा इन्सर्ट बसवला. मग बोल्ट माझ्या हातात देऊन म्हणाले, "आधी हातानं चार आटं चढवायचं. हातानं चढला न्हाई तर पाना लावायचाच न्हाई." दीडशे रुपये झाले. माझ्या तोंडावर सवयीनं "शंभर घ्या की" आलं होतं. पुण्यात कॉफीला तीनशे मोजताना हे तोंड उघडत नाही. गप्प पैसे दिले.

तर सांगायचा मुद्दा. स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करायला जरूर शिका, पण पैसे वाचतील म्हणून नको. हत्यारांचा खर्च धरला तर मी अजून तोट्यात आहे. शिकायचं ते यासाठी की एकदा स्वतःच्या हातानं आटे घालवले की दुसऱ्याच्या हाताची किंमत कळते. आपण पांढरपेशे झालो म्हणजे प्रगती झाली, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं गेलं. ते सगळंच खोटं नाही. अण्णांना पर्याय नव्हता, मला आहे, हा फरक विसरून "हाताच्या कामातला आनंद" वगैरे लिहिणं हा माजच झाला. माझी चूक झाली तर माझा रविवार जातो. मेस्त्रींची झाली तर त्यांचं गिऱ्हाईक जातं.

आणि मॉडिफिकेशन? ज्यांना ब्रेक ऑइल कधी बदललं ते आठवत नाही, ते आधी मोठा सायलेन्सर लावतात. उघडा एअर फिल्टर लावून इंजिनाजवळची तापलेली हवाच आत ओढतात. शिवाय कंपनीनं ठरवलेलं मूळ स्पेसिफिकेशन मनाला येईल तसं बदलता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. माझा क्रम साधा आहे. आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, पळायचं त्यानंतर. म्हणजे ब्रेक, टायर, सस्पेन्शन. एवढं कंपनीनं दिलं तसं करून घेतलंत तरी जुनी गाडी 'मॉडिफाय' केल्यासारखी वाटते, स्वानुभव आहे :)

ब्रेकला हात लावताना जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा. टॉर्क रेंच घ्या. आणि झालेलं काम जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय घरच्यांना गाडीत बसवू नका.

अण्णा आता दारात खुर्ची टाकून बसतात. लक्ष पेपरात असतं, पण बोल्ट पान्यानं सुरू केला की खाकरतात.

असो. या शनिवारी मागचे ड्रम उघडायचे आहेत.